बांधावरच्या दोन बॅटऱ्या

तुमच्या घरातलं थोरलं माणूस रात्री किती वेळा उठतं, हे तुम्ही त्याला कधी विचारलंय का? प्रश्न खाजगी आहे, मला कळतं. पण खाजगी म्हणून आपण जे झाकून ठेवतो, त्याचं पुढे गावभर काय होतं ते मी नुकतंच पाहिलं आणि अजून त्यातून नीट सावरलेले नाही. म्हणून आधी प्रश्न, मग जमेल तसं सांगणं.

मार्गशीर्षात आमच्याकडे भात कापून झालेलं असतं. खाचरात नुसती धसकटं उरतात. त्यांच्यावर दव उतरलं की ओल्या पेंढ्याचा एक आंबूस-गोड वास खिडकीपर्यंत चढतो. धरणावरून येणारं धुकं आधी बांध गिळतं, मग आंब्याची खोडं, मग शेजारचं घर. त्या पांढुरक्या काळोखातून एक पिवळा उजेड चालत जाताना मला दिसायचा. थोडं चालायचा, थांबायचा, विझायचा. मग पुन्हा लागायचा आणि आल्या वाटेनं परतायचा. कधी आमच्या बाजूनं निघायचा, कधी पलीकडून. मी माडीवर लिहीत जागी असायचे. किती सुंदर वाटायचा मला तो उजेड! काळोखानं मध्येच डोळा उघडून कूस बदलावी तसा. त्या उजेडाचा अर्थ काय, हे विचारायचं मात्र मला सुचलं नव्हतं. सौंदर्य दिसलं की माणूस चौकशी करायचं विसरतो की काय, कोण जाणे.

बांधाच्या अलीकडे आमचं घर, पलीकडे अण्णांचं. नाना म्हणजे माझे वडील, आणि अण्णा त्यांचे धाकटे भाऊ. मुळशीत जमिनीला भाव आल्यापासून बांध हा शब्द उच्चारताना आमच्याकडे लोक आवाज खाली आणतात. पूर्वी बांधावर तूर लावायचे, आता तिथे संशय उगवतो. अंधारात बांधावर बॅटरी दिसली तर तिचा एकच अर्थ: हद्दीचा दगड सरकवला जातोय. नाना सकाळी चहाची बशी ओठाला लावता लावता आईला म्हणायचे, आज पण बॅटरी होती त्याची. अण्णाही पलीकडे हेच म्हणत असत, हे मला फार उशिरा कळलं. दोघांचं बोलणं बंद होतं. का बंद होतं, ते नेमकं कोणालाच सांगता येत नव्हतं. बॅटरीकडे बोट दाखवलं की पुरायचं.

मी वाढले ती पत्रकांवर. नाना पिरंगुटच्या एका कारखान्यात होते आणि तिथल्या संघटनेची पत्रकं आमच्या घरी गठ्ठ्यानं येऊन पडायची. माझी बेरीज-वजाबाकी त्यांच्या कोऱ्या पाठीवर झाली. पुढच्या बाजूला मागण्या, मागच्या बाजूला माझे हातचे. कारखान्यात तेव्हा लाइनवरून लघवीला जायला सुपरवायझरकडे बिल्ला मागावा लागे. त्याविरुद्ध गेटवर सभा झाली तेव्हा मी नानांच्या खांद्यावर होते. त्यांचा आवाज त्यांच्या मानेतून माझ्या मांड्यांपर्यंत थरथरत आलेला मला आठवतो. शरीराची गरज मालकाला विचारून लागत नाही, असं ते म्हणाले होते आणि सगळं गेट टाळ्यांनी दणाणलं होतं. बिल्ला बंद झाला. त्या दिवसापासून माझी एक श्रद्धा पक्की झाली: दुःख आहे म्हणजे ते कोणीतरी दिलेलं आहे. त्याचं नाव शोधायचं, वर ठळक अक्षरात छापायचं आणि गेटवर उभं राहायचं.

ही श्रद्धा अजून सुटलेली नाही. पण या मार्गशीर्षात तिचा पाय घसरला.

आमच्या गावचा सप्ताह मार्गशीर्षातच बसतो. सात दिवस देवळात नामस्मरण अखंड चालतं आणि त्या सात दिवसांत वीणा एकदाही जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. ज्याचा पहारा असेल त्यानं ती घेऊन उभं राहायचं, आणि पहारा संपला की पुढच्याच्या हवाली करायची. देताना-घेताना दोघंही एकमेकांच्या पायाला हात लावतात. थोरला-धाकटा हा भेद तिथे नाही, कारण नमस्कार वीणेला असतो. शेवटच्या रात्रीचा ऐन मध्यरात्रीचा पहारा आजोबांपासून आमच्या घराकडे आहे. तो नाना करतात आणि त्यांच्यानंतरचा अण्णा. म्हणजे अबोल्याच्या सगळ्या वर्षांत हे दोन भाऊ वर्षातून एकदा, वीणेच्या निमित्तानं का होईना, एकमेकांच्या पाया पडत होते. माझ्या मते गावाच्या सगळ्या कीर्तनांपेक्षा तो एक क्षण मोठा होता.

यंदा नानांनी पहारा नाकारला. सप्ताहाची व्यवस्था बघणाऱ्या तात्यांना त्यांनी रस्त्यातच सांगितलं की मला या वर्षी जमणार नाही. कारण सांगितलं नाही.

कारण गावानं पुरवलं. नाना अण्णाच्या पाया पडायला तयार नाहीत, प्रकरण बांधावरून देवळात आलं, असं दोन दिवसांत सगळीकडे झालं. मी मात्र दुसरंच कारण काढलं आणि ते मला फार आवडलं. यंदाचा मांडव एका प्लॉटिंगवाल्यानं दिला होता. त्यानं गावाची निम्मी टेकडी तुकडे करून विकली आणि आता त्याचंच नाव देवापेक्षा मोठ्या अक्षरात कमानीवर झळकणार होतं. असल्या मांडवाखाली नाना वीणा घेतील? माझे नाना? मी मनात पत्रक लिहायला घेतलं. अभिमानानं त्यांना म्हटलंही, की नाना, तुम्ही बरोबर केलंत. ते बुटाची नाडी बांधत होते. मान वर न करता म्हणाले, "व्हय. तसंच समज."

तसंच समज! हे दोन शब्द तेव्हा मला मोठ्या माणसाच्या विनयासारखे वाटले.

पुरुषांचं बोलणं बंद असलं तरी बायकांचं विरजण बंद नव्हतं. अण्णांची बायको, माझी काकी, दुपारी आमच्या ओट्यावर यायची. त्या दिवशी ती आणि आई पावटा सोलत होत्या आणि मी आत पुस्तक उघडं टाकून पडले होते. काकी म्हणाली की तिच्या झोपेचं वाटोळं झालंय. हे रातीचे सारखे उठतात, दार करकरतं, कुत्रं भुंकतं, आणि परत येऊन थंड पाय माझ्या पायाला लावतात. आई सोलता सोलता हसली. "आमचे काय निजून ऱ्हात्यात व्हय? ह्यांचं पण तेच हाय."

काकी म्हणाली, घरात एवढा टाइल लावलेला संडास बांधलाय, पण नाही. तो सुनेच्या खोलीला चिकटून आहे, पाणी टाकलं की तिला जाग येते, सासऱ्याला लाज वाटते. म्हणून बॅटरी घ्यायची आणि बांधावर जायचं. आमच्या घरातही तेच होतं. माझ्या वहिनीची खोली, तीच भिंत, तीच लाज. दोघी जावांनी एकमेकींकडे पाहिलं. मग काकी हळूच म्हणाली, "आक्का, म्हंजे ते दगड सरकवायला..." आणि पुढचं वाक्य दोघींच्या हसण्यात बुडालं. मांडीवरचं पावट्याचं सूप कलंडलं. डोळे पुसत आई म्हणाली की पण हे सांगायचं कोणी? मी सांगितलं तर म्हणतील, बायको चारचौघात माझं उणं काढते.

मी आत तशीच पडून राहिले. माझं पत्रक, गावानं लावलेलं भावकीचं कारण, धुक्यातला तो सुंदर उजेड, सगळं एका झटक्यात ओलं झालं होतं. हसावं की रडावं? नाना पहारा का घेत नव्हते ते आता लख्ख दिसत होतं. वीणा खाली ठेवता येत नाही, आणि लघवी धरवत नाही. इतकंच! आणि ज्या माणसानं गेटवर शेकडो लोकांसमोर लघवीच्या हक्काबद्दल गर्जना केली होती, त्याला हेच स्वतःच्या घरात, स्वतःच्या बायकोपाशी, स्वतःच्या तोंडानं म्हणता येत नव्हतं. आपल्या देहासाठी मागणी करायची ती कोणत्या गेटवर?

पिरंगुटच्या दवाखान्यात त्यांना नेलं ते गुडघ्याच्या निमित्तानं. डॉक्टर लातूरकडची, माझ्याहून फार मोठी नसेल. काय होतंय, असं तिनं विचारलं तर नाना म्हणाले, झोप नीट लागत नाही. मग भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे बघत बसले. शेवटी मीच बोलले. त्या एका वाक्याला माझ्या सगळ्या भाषणांपेक्षा जास्त बळ लागलं. नानांचे कान लाल झाले. डॉक्टरला मात्र त्यात काहीच विशेष वाटलं नाही. तिनं त्यांची पॅन्ट घोट्यापासून वर सारली आणि नडगीवर अंगठा दाबून धरला. अंगठा काढला तरी खड्डा तसाच राहिला, ओल्या खाचरात टाच रुतावी तसा. मी त्या खड्ड्याकडे बघत राहिले. इतकी वर्षं ते पाय माझ्यासमोर होते.

कारखान्यातली नोकरी सुटल्यापासून नाना कासार आंबोलीच्या बाजूला एका बंगल्यांच्या वसाहतीच्या गेटवर वॉचमन म्हणून उभे असतात. दिवसभर उभं राहून पायात पाणी उतरतं, आणि रात्री आडवं झालं की तेच पाणी परत रक्तात येतं आणि मूत्रपिंडं ते गाळायला लागतात, असं डॉक्टरनं समजावलं. मग तिनं विचारलं, दिवसा पाणी पिता का? नाना म्हणाले, न्हाई. गेटवर सोय नाही. आत एकेका बंगल्यात झोपायच्या खोल्यांपेक्षा संडास जास्त, आणि गेटवरच्या माणसाला त्यातला एकही नाही! म्हणून दिवसभर घसा कोरडा ठेवायचा आणि घरी आलं की तांब्यावर तांब्या रिकामा करायचा, वर जेवणानंतरचा चहा. मी खुर्चीतच ताठ झाले. सापडला होता मला मालक! शीर्षकसुद्धा तयार झालं. मी डॉक्टरला म्हटलं, म्हणजे हे त्या वसाहतीमुळे झालं.

ती म्हणाली, "तेही आहे. पण तेवढंच नाही."

आणि मग ती सांगत गेली आणि माझा गोंधळ वाढत गेला. रक्तदाबाची जी गोळी नाना संध्याकाळी घेतात, ती लघवी वाढवणारी आहे. ती सकाळी घेऊन चालेल, पण ते मी सांगते म्हणून, मनानं बदलायचं नाही. घरात साखरेचा आजार आहे का? आहे, आत्याला. मग साखर तपासायला हवी. वयाबरोबर पुरुषांची प्रोस्टेटची गाठ वाढते, मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही, तेही बघायला हवं. घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, त्यानंही असं होतं. थंडी, चहा, लघवीचा संसर्ग, मूत्रपिंड, हृदय. एकदा उठणं काही वावगं नाही, पण पुन्हा पुन्हा उठावं लागत असेल तर ते नुसतं वय म्हणून सोडून द्यायचं नाही, असं ती म्हणाली. पाणी दिवसा प्या, झोपण्याआधी कमी करा. कामावरून आल्यावर थोडा वेळ पाय उंच ठेवून पडा. लघवीत रक्त दिसलं, जळजळ झाली, किंवा लघवी अडली, तर वाट न बघता या. आणि अंधारात बांधावर जाऊ नका. या वयात पाय घसरून खुब्याचं हाड मोडलेली माणसं मी पुष्कळ बघते.

मी बाहेर आले ती सुन्न होऊन. पत्रकाला शीर्षक एकच लागतं आणि इथे शीर्षकं थांबत नव्हती. गेटवरच्या संडासासाठी मी भांडेन, भांडतेही आहे. पण गोळीविरुद्ध काय लिहू? आत्याच्या रक्तातल्या साखरेविरुद्ध? वयाविरुद्ध मोर्चा कोणत्या चौकातून काढायचा? नानांचा देह म्हणजे एक गाव निघालं. त्यात मालकाचा अन्याय होता, वाडवडिलांचा वारसा होता, सवयी होत्या, ऋतू होता, आणि सगळे एकमेकांच्या बांधावरून येजा करत होते. कोणाची हद्द कुठे संपते, हे त्या डॉक्टरलाही ठामपणे सांगता येत नव्हतं. तपासण्या होऊ द्या, एकेक बघू, एवढंच ती म्हणाली. मला ठामपणाची इतकी सवय आहे, की 'बघू' हा शब्द मला अपमानासारखा लागला.

परतताना स्कूटरवर मागून नाना म्हणाले, "तू म्हणालीस ना, त्या मांडवापायी मी नको म्हणलं... मला बरं वाटलं हुतं ते ऐकून."

भांडणालाही आपल्याकडे प्रतिष्ठा आहे. बांधापायी भावाशी अबोला धरलेला माणूस गावातून ताठ मानेनं चालतो. तत्त्वासाठी मांडव नाकारणाऱ्याला तर हार घालतील. आणि ज्याला नुसती लघवीला जाग येते, त्यानं मात्र धुकं शोधायचं, बॅटरी विझवायची आणि उभ्या गावाचा संशय अंगावर घ्यायचा! भाऊ गेला तरी चालेल, पण हे कळता कामा नये. कुठल्या शाळेत शिकतो आपण हे?

पहाऱ्यांची बैठक देवळात बसली तेव्हा उन्हं कलली होती. तात्यांनी विषय काढला. नाना घेत नसतील तर तो पहारा दुसऱ्या घराला द्यावा आणि एकदा दिला की तो त्या घराकडेच राहील, असं ते नाइलाजानं म्हणाले. मांडववाल्याच्या मागे-पुढे करणारा एक पोरगा मागून म्हणाला की नानांना आता फक्त बंगल्याच्या गेटवर उभं राहायची सवय उरलीय. दोघं-तिघं हसले. अण्णा खांबाला टेकून खाली बघत होते. आजोबांपासूनचा पहारा माझ्यासमोर घरातून चालला होता आणि मला खरं कारण माहीत होतं. पण ते सांगण्याचा हक्क माझा नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा मी सभेत गप्प बसले.

नाना उठले. टोपी काढून पुन्हा घातली.

"तात्या, भावकीचं काय न्हाई ह्यात. मांडव कुणाचा हाय, त्येचं बी न्हाई. मला सारखं मुतायला लागतं. पहाराभर कळ निघत न्हाई, आन् वीणा खाली ठिवता येत न्हाई. म्हणून नको म्हणलं. एवढंच हाय."

कोणीतरी तोंडावर उपरणं धरलं. मग खांबापासून अण्णांचा आवाज आला, किती वर्षांनी नानांना उद्देशून, ते देवालाच ठाऊक. "म्हंजे रातीची ती बॅटरी..."

"व्हय. आन् तू रं? तू कशाला येतुयास बांधावर?"

अण्णांनी मान खाजवली. "मी काय तितं फुगडी घालायला येतुय व्हय?"

मग जे हसू फुटलं ते त्या मागच्या पोरासकट सगळ्यांचं होतं. पण त्या हसण्यात एक चमत्कारिक गोष्ट झाली. तात्या म्हणाले की आमचंही तेच आहे, म्हणून मी पहाटेचा पहारा घेतो. दुसरं एक म्हातारं म्हणालं की मी संध्याकाळपासून पाणीच तोडतो. कोपऱ्यात बसलेल्या बायकांतून कोणीतरी पुटपुटलं, की आम्हाला विचारा, चार बाळंतपणं झाल्यावर काय होतं ते. गावातला एवढा मोठा जनसमुदाय रोज अंधारात उठत होता आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच आहोत! संघटना बांधायला याहून मोठं कारण मी पाहिलेलं नाही, आणि मागणी काय करायची ते मला अजूनही सुचलेलं नाही.

हसू ओसरल्यावर अण्णा नानांना म्हणाले, "वीणा माज्याकडं दे. तू जाऊन ये. मला लागली का तू धर."

तात्यांनी मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंतचा सगळा पहारा दोघांच्या नावावर जोडून टाकला.

पहाऱ्याच्या रात्री, काकडा सुरू व्हायच्या सुमाराला मी देवळात गेले, तेव्हा वीणा नानांच्या गळ्यातून अण्णांच्या गळ्यात जात होती. नाना वाकले, अण्णांच्या पायाला हात लावला. अण्णा वीणा सावरत वाकले, नानांच्या पायाला हात लावला. थोड्या वेळानं अण्णा खुणेनं काही म्हणाले आणि पुन्हा तेच, उलट दिशेनं. काकी खांबाशी बसून हे रात्रभर बघत होती. ती म्हणाली, दोघांच्या पाठी धरल्यात वाकून वाकून. वर्षातून एकदाचा तो नमस्कार एका रात्रीत किती वेळा झाला असेल! जी गोष्ट त्यांना बांधावर वैरी करत होती, तीच देवळात पुन्हा पुन्हा एकमेकांच्या पायाशी आणत होती. याचा अर्थ मी काय लावावा? मी लावलेला नाही.

नानांच्या तपासण्या चालू आहेत. साखर काठावर आहे, गाठ थोडी वाढलेली आहे, गोळी सकाळी गेली आहे. काही रात्री बऱ्या जातात, काही जात नाहीत. वसाहतीच्या गेटवर संडास अजून झालेला नाही. माझं पत्रक तेवढ्याबद्दल छापून तयार आहे. वहिनीनं स्वतःहून सांगितलं की नाना, घरातल्याच संडासात जा, माझी झोप दगडासारखी आहे. ते थंडी फार असेल तर जातात. आणि हद्दीचा तो दगड? मोजणीवाल्यानं पाहिला. तो म्हणाला, थोडा सरकलेला दिसतो खरा. कोणी सरकवला, पावसानं की माणसानं, ते कळत नाही. दोघा भावांनी ऐकलं, दगडाकडे पाहिलं आणि चहा प्यायला गेले.

काल खिडकीशी बसले होते. तोच वास, तेच धुकं. आमच्या बाजूनं एक उजेड निघाला, पलीकडून दुसरा. डॉक्टरचं कोणी ऐकत नाही! दोन्ही बांधावर थांबले. या खेपेला ते विझले नाहीत. बराच वेळ तिथेच जवळजवळ राहिले आणि मला दोन खोकले आणि एक हसणं ऐकू आलं.

म्हणून तुमच्याकडे एवढंच मागते. उद्या सकाळी घरातल्या थोरल्या माणसाला चहा द्याल तेव्हा त्याच्या शेजारी बसा. रात्री किती वेळा उठावं लागलं, ते साध्या आवाजात विचारा. ते आधी म्हणतील, झोप लागली की. तिथे उठू नका. कप रिकामा होऊ द्या, पुन्हा विचारा, आणि खरं उत्तर आलं की त्याच आठवड्यात त्यांना दवाखान्यात घेऊन जा. तोवर त्यांच्या वाटेवर एक दिवा लावून ठेवा.